पाण्याची चाल आणि काचेची पट्टी

मी नांदगाव पेठहून बोलतोय. आपल्या वऱ्हाडात अजून म्हणतात, 'गाठीले सुई लावू नको, पसरते.' म्हणून आज थोडा इतिहास.

1941 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत खानोलकरांनी उभारली. गाठीचा तुकडा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, मगच कॅन्सर ठरवायचा.

1980 च्या दशकात फ्रान्सच्या डेनिस ल बिहान यांनी एमआरआयवर शरीरातल्या पाण्याची हालचाल टिपली. स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीत पेशींची दाटी असते. जत्रेतल्या माणसासारखं पाणी तिथं अडखळतं. पण पू भरलेल्या गाठीतही अडखळतं! म्हणून एमआरआय संशय सांगतो, निकाल काचपट्टीच देते. सुईची भीती खोटी आहे. गाठ लागली तर उशीर मात्र खरा घात करतो. घरी आईला हे नक्की सांगा.