सर्फिंग : चित्रे व मुद्राचित्रे

फुटू लागलेल्या समुद्रलाटेवरून फळीच्या आधाराने किनाऱ्याकडे घसरत येण्याच्या क्रीडेचे चित्रण. पॉलिनीशियन बेटांवरील ही क्रीडा हवाईमध्ये सर्वाधिक विकसित झाली. हवाईयन भाषेत तिला ‘हेए नालू’, म्हणजे लाटेवरून घसरणे, असे म्हणतात. चित्रकाराने हा प्रसंग जहाजावरून पाहिला, किनाऱ्यावरून पाहिला की स्वतः फळीवर राहून अनुभवला, यावर चित्रातील लाटेचे रूप बरेचसे अवलंबून राहिलेले दिसते.

सर्फिंगच्या फळीचे सर्वांत जुने ज्ञात चित्र जॉन वेबर या कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवरील चित्रकाराचे आहे. जानेवारी १७७९ मध्ये कुकची जहाजे हवाई बेटाच्या केआलाकेकुआ उपसागरात नांगरली, तेव्हा वेबरने रेखाटलेल्या दृश्यावरून तयार झालेले ताम्रपटावरील कोरीव चित्र सफरीच्या अधिकृत वृत्तांतासोबत १७८४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. जहाजांभोवती जमलेल्या होड्यांच्या गर्दीत एक माणूस फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मागे सारत येताना त्यात दिसतो. मात्र तो लाटेवर स्वार झालेला नाही. या विषयाच्या पहिल्या चित्रात फळी आहे आणि लाट नाही, हे नांगरलेल्या जहाजावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने साहजिकच म्हटले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णनांत व मिशनऱ्यांच्या ग्रंथांत अशी कोरीव चित्रे वरचेवर आढळतात. विल्यम एलिस या मिशनऱ्याच्या ‘पॉलिनीशियन रिसर्चेस’ या ग्रंथाच्या १८३१ च्या आवृत्तीतील चित्र त्यांपैकी विशेष परिचित आहे. प्रत्यक्षात फळी लाटेच्या पुढच्या उतारावरून, फुटणाऱ्या माथ्याच्या किंचित पुढे राहून, घसरत असते. परंतु वर्णने वाचून किंवा दुसऱ्याचे कच्चे रेखाटन समोर ठेवून काम करणारे काही कोरक माणसाला थेट लाटेच्या माथ्यावर, एखाद्या चौथऱ्यावर उभे करावे तसे, उभे करीत. तोल आणि वेग या दोन्ही गोष्टी त्यामुळे चित्रातून निसटतात.

मुद्राचित्रांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम चार्ल्स बार्टलेट (१८६०–१९४०) या इंग्रज चित्रकाराचे होय. भारत, श्रीलंका, चीन असा प्रवास करीत तो जपानला पोहोचला आणि तोक्योतील प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याने १९१६ मध्ये त्याच्या प्रवासचित्रांचे रंगीत काष्ठठसे, म्हणजे लाकडी ठशांवरून काढलेली चित्रे, प्रसिद्ध केले. ताजमहाल, बनारस व अमृतसर ही स्थळे त्यांत आहेत. मायदेशी परतताना वाटेत १९१७ मध्ये तो होनोलुलूला उतरला आणि तेथेच स्थायिक झाला. त्याचा सर्फिंगवरील प्रसिद्ध काष्ठठसा १९२० च्या सुमाराचा असून तोही वातानाबेनेच काढला. ‘शिन हांगा’ म्हणजे ‘नवी मुद्राचित्रे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जपानी पद्धतीत चित्रकार केवळ मूळ चित्र देतो, कोरक प्रत्येक रंगासाठी लाकडाचा निराळा ठसा कोरतो, आणि छपाईकार ठशावर रंग लावून त्यावर ओलसर कागद ठेवतो व पाठीमागून बांबूच्या कोंबाच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घासतो. ठशावर रंग हाताने पुसत नेऊन गडद निळ्यापासून फिकट हिरव्यापर्यंतची छटा काढता येते, तर फेसाच्या जागी रंग न लावता कागद तसाच कोरा सोडता येतो. पाण्याचे हे दोन्ही गुण दाखवण्यास हे माध्यम तैलरंगांपेक्षाही सोयीचे ठरते, असे बार्टलेटच्या चित्राकडे पाहताना वाटते. फळ्यांवर उभ्या असलेल्या तांबूस-तपकिरी देहांच्या स्वारांमागे पाणी गडद होत जाते. १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे दुकान ठसे व छापील साठ्यासह जळाले, त्यामुळे त्याआधीच्या प्रतींना संग्राहकांत विशेष मोल आले.

पुढे वायकीकी किनाऱ्यावरील पर्यटनाच्या जाहिरातींनी डायमंड हेड डोंगर आणि त्यापुढे फळीवरचा स्वार हा साचा इतका गिरवला, की त्यातील बहुतेक चित्रे एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत.

स्वतः सर्फिंग करणाऱ्यांची चित्रकला प्रामुख्याने कॅलिफोर्नियात वाढली. कलेचे शिक्षण घेतलेला जॉन सेव्हरसन (१९३३–२०१७) आपल्या सर्फिंगपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत असे आणि १९६० मध्ये त्याने सुरू केलेल्या ‘सर्फर’ नियतकालिकातून रिक ग्रिफिन (१९४४–१९९१) याचे ‘मर्फी’ हे व्यंगचित्र-पात्र लोकप्रिय झाले. ‘द एंडलेस समर’ या चित्रपटासाठी जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्डने १९६४ मध्ये केलेले भित्तिपत्रक मात्र या सर्वांहून दूरवर पोहोचले. डोळ्यांत भरणाऱ्या चमकदार गुलाबी, नारिंगी व पिवळ्या रंगांचे सपाट पट्टे, मोठा सूर्य आणि फळ्या घेतलेल्या तीन काळ्या छायाकृती एवढाच त्याचा ऐवज आहे. वेबरच्या चित्राप्रमाणे येथेही भर लाटेवर नाही, फळीवर आहे. पण येथे ती निवड जाणीवपूर्वक केलेली आहे.

अलीकडच्या चित्रकारांत रेमंड पेटिबॉन (जन्म १९५७) याने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून शाई व जलरंगांत केलेली सर्फिंगची चित्रे कलासंग्रहालयांत मान्यता पावली असून त्यांपैकी काहींच्या शिलामुद्रित, म्हणजे दगडावर चरबीयुक्त शाईने रेखाटून छापलेल्या, आवृत्त्याही निघाल्या आहेत. त्यांत कुंचल्याच्या रुंद निळ्या फटकाऱ्यांनी उभी राहिलेली लाट जवळजवळ सारा कागद व्यापते, कडेला हाताने लिहिलेली, चित्राशी अर्धवटच जुळणारी वाक्ये असतात, आणि स्वार शोधावा लागतो : निळ्या भिंतीच्या मध्यावर तो शाईच्या चारदोन रेघांचा, काडीएवढा असतो.