फाइल कोणाच्या पिशवीत

केसपेपर, रिपोर्ट, रक्त चढवल्याच्या नोंदी, सगळं एका पिशवीत कोंबून ओपीडीच्या बाकावर बसायची आपली पद्धत दवाखान्यांच्या गैरव्यवस्थेतून आली आहे. रेकॉर्ड रूममधून जुना कागद वेळेवर सापडेल यावर कोण विसंबणार? तरी हिपॅटायटिस सीच्या पेशंटला औषधाच्या खालोखाल तारलं ते या पिशवीनंच, असं माझं मत आहे.

मी थॅलेसेमिया मेजरची, कल्याणची. लहानपणापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. ते कोणाचं, हे तेव्हा कोणी विचारत नसे. पैसे घेऊन रक्त देणारे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून तो धंदा बंद झाला. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. त्याआधी डॉक्टर या काविळीला ‘ए नाही, बी नाही’ एवढंच म्हणत. आणि आपल्या रक्तपेढ्यांवर त्याच्या तपासणीची सक्ती झाली २००१ मध्ये. मधली बारा वर्षं ज्यांच्या अंगात गेली, त्यांतली मी एक.

तेव्हाचा उपचार म्हणजे आठवड्याला पेगिलेटेड इंटरफेरॉनचं एक इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरून ताप, मग केस गळणं, तोंडाची चव जाणं. आमची अडचण वेगळीच होती. रिबाव्हिरिन तांबड्या पेशी फोडतं, आणि आमचं हिमोग्लोबिन मुळात उसनं. औषधाच्या माहितीपत्रकातच थॅलेसेमियाला मनाई छापलेली. यकृताचे डॉक्टर म्हणाले, “रक्तवाल्यांना विचार.” रक्ताच्या मॅडम म्हणाल्या, “यकृतवाले ठरवतील.” दोन विभागांमध्ये एक जिना होता, तो चढायचा-उतरायचा मी.

लंडन आणि लेबनॉनमधल्या डॉक्टरांनी थॅलेसेमियाच्या पेशंटना ही औषधं दिली होती. रक्त जास्त लागलं, पण निभावलं. त्या लेखांच्या झेरॉक्स मी दोघांच्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, “रक्त दोन आठवड्यांनी घेतलं आणि लोह काढायचा पंप आणखी एक रात्र लावला, तर?” मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी वर फोन लावला. एवढ्याच कामासाठी मी कितीतरी वेळा तो जिना चढले होते.

दुसरी लढाई मनाची. इंटरफेरॉननं माणूस खचतो, हे पुस्तकात आहे. ओपीडीत मात्र “आजारपणात होतंच असं” म्हणून विषय संपतो. मी एक वाक्य पाठ केलं होतं: “डॉक्टर, हे केसपेपरवर लिहाल का?” पेन हातात घेतलं की डॉक्टर थांबतात, पुन्हा विचारतात. मला मानसोपचार विभागाची चिठ्ठी मिळाली ती अशी. बाराव्या आठवड्याची व्हायरल लोडची चाचणीही मागून घ्यावी लागली. तोवर विषाणू शंभरपट घटला नसेल तर उपचार थांबवायचा, असा नियम होता. नुसता त्रास नि खर्च कोण सोसणार?

कागद मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे कायद्यानं सांगायलाही वेळच लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं केसपेपरच्या प्रती देणं आवश्यक ठरवलं, आणि २००२ च्या नियमांनी मुदत घातली ७२ तासांची.

खर्चाची गोष्ट दवाखान्याबाहेर लढली गेली. रोश कंपनीला २००६ मध्ये पेगिलेटेड इंटरफेरॉनचं भारतीय पेटंट मिळालं होतं. सहा महिन्यांचा उपचार चार लाखांच्या पुढे जाई. त्याला आव्हान दिलं मुंबईच्या ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’नं. सुईनं नशा करणाऱ्यांसाठी काम करणारी ही संस्था. त्यांच्यातही हा विषाणू सुईतून पसरतो. समाज ज्यांना दारात उभं करत नाही, त्यांच्या बाजूनं ही लढाई झाली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पेटंट कार्यालयानं आक्षेप फेटाळला, पण २ नोव्हेंबर २०१२ रोजी अपील मंडळानं पेटंट रद्द केलं आणि रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही असा आक्षेप घेऊ शकते, हे मान्य केलं.

माझा विषाणू इंटरफेरॉननंतर परतला. मग सोफोसबुविर आलं. अमेरिकेत एका गोळीचा भाव हजार डॉलर होता. २०१५ मध्ये भारतीय कंपन्यांची महिन्याची बाटली वीस हजारांच्या आसपास आली. डॅक्लाटासविरबरोबर बारा आठवडे घेतलं. ना ताप, ना रडणं. विषाणू गेला.

२००१ च्या आधी तुम्हाला किंवा घरात कोणाला रक्त चढवलं असेल, बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये, अपघातात, तर हिपॅटायटिस सीची तपासणी एकदा मागून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करायचा असतो. तो रिपोर्ट हातात पडेपर्यंत ‘बरा झालास’ हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.