पूर्वजपूजा, कुटुंब आणि सिद्दी समाजाची ओळख : 'रिदम ऑफ दम्माम' या चित्रपटाच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इंदापूरच्या इतिहासात मालोजीराजे भोसले यांचे स्थान सर्वश्रुत आहे. ज्या निजामशाहीची त्यांनी सेवा केली, तिचा पुढील काळातील आधारस्तंभ मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणला गेलेला हबशी होता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये तो मृत्यू पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. मराठी वाचकाला आफ्रिकी वंशाचा परिचय आहे तो असा : मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी, किल्ले आणि आरमार. परंतु ज्यांना सत्ता मिळाली नाही अशा सामान्य सिद्दी कुटुंबांचा इतिहास कोठे शोधावयाचा, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

कागदपत्रांची मर्यादा

सरदारांचा इतिहास फर्माने, बखरी आणि वास्तू यांतून उभा राहतो. गुलामाची नोंद मात्र मालकाच्या हिशेबात सापडते आणि त्या नोंदीत बहुधा त्याचे मूळ नावही उरत नाही. 'अंबर' हे नावसुद्धा मालकाने दिलेले होते. वंशावळ जपण्यासाठी वतन, घर आणि नाव यांचे सातत्य लागते. गुलामगिरीने नेमके तेच हिरावून घेतले.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी हे याचे उदाहरण होय. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी काही जण पळून येथील जंगलांत स्थिरावले. यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांत त्यांचे वंशज राहतात. ते हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती अशा तीन धर्मांत विभागले असून त्यांच्यापैकी अनेकांची घरची भाषा कोकणी आहे. मूळ आफ्रिकी भाषा जवळजवळ लोपली. तरीही पूर्वजांचे पूजन, ज्यांना कन्नडमध्ये 'हिरियरु' म्हणजे वडीलधारे म्हणतात, आणि दम्माम या वाद्याच्या तालावरील नृत्य या गोष्टी धर्मभेद ओलांडून टिकून राहिल्या.

चित्रपटातील कुटुंबविधी

जयन चेरियन यांचा 'रिदम ऑफ दम्माम' हा चित्रपट २०२४ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. त्याचे कथानक यल्लापूर परिसरातील सिद्दी कुटुंबात घडते. आजोबांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांच्या जयरामला त्यांचा आत्मा झपाटतो. त्याला बरे करण्यासाठी कुटुंबीय विधींचा आधार घेतात. मुलाच्या स्वप्नांतून मात्र पूर्वजांच्या गुलामगिरीची स्मृती प्रकट होते. येथे मृत आजोबा हे केवळ भयाचे कारण नसून, ज्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही अशा पिढ्यांचे प्रतिनिधी ठरतात.

अमेरिकेतील ज्यूली डॅश यांच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) या चित्रपटातही १९०२ साली बेट सोडण्याच्या तयारीत असलेले आफ्रिकी वंशाचे एक कुटुंब आहे. तेथेही वृद्ध आजीच पूर्वजांची स्मृती सांभाळते. दोन्ही ठिकाणी घर हेच दप्तरखाना ठरते.

साधन म्हणून मूल्यमापन

चित्रपट ही कलाकृती आहे, सोळाव्या शतकाचा पुरावा नव्हे. स्वप्नदृश्ये ही दिग्दर्शकाची कल्पना असून दिग्दर्शक स्वतः या समाजातील नाही. त्यामुळे सिद्दी नेमके कोठून व केव्हा आले हे ठरविण्यासाठी पोर्तुगीज दप्तरांकडेच वळावे लागेल. मात्र सर्वस्व हिरावले गेल्यावर या लोकांनी काय जपावयाचे ठरविले, हे दप्तर सांगत नाही. ते विधी सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन प्रश्नांत गल्लत करता कामा नये.

या भेदाला व्यावहारिक महत्त्वही आहे. २००३ मध्ये उत्तर कन्नडमधील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. अशी मान्यता मिळाल्यावरही व्यक्तीला आपली ओळख कागदाने सिद्ध करावी लागते. ज्यांच्या पूर्वजांना कागदावर केवळ मालमत्ता म्हणून स्थान होते, त्यांच्याकडून कागद मागणे ही इतिहासाची क्रूर विसंगती होय.

समारोप

वरील विवेचनाचा संबंध केवळ सिद्दींपुरता नाही. बारामती-इंदापूर परिसरातही वतनदार घराण्यांचे कागद आहेत, भूमिहीन व भटक्या कुटुंबांचे नाहीत. देव्हाऱ्यातील टाक, पितृपक्षातील पान, जत्रेतील मान यांतून त्यांचाही भूतकाळ वाचता येतो. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी प्रकल्पकार्यात अशा विधींची पद्धतशीर नोंद, चित्रीकरण आणि मौखिक मुलाखती यांचा समावेश करणे आवश्यक आहे. मलिक अंबराचा इतिहास आपण शिकवितो. त्याच समुद्रमार्गाने आलेल्या निनावी माणसांचा इतिहास शिकविल्याखेरीज तो पूर्ण होणार नाही.