रूळ कुठवर न्यायचे?

आज आम्ही रुळांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, सेनगावात बसून रुळांचं काय बोलता, आपल्या तालुक्यात रेल्वे आलीच नाही. खरं आहे. पण आपल्या गावांतल्या किती घरांतलं कोणी ना कोणी पुण्यात आहे, ते मोजायला बसलो तर हा कार्यक्रम संपून जाईल.

संध्याकाळी इकडून निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे अंधारात नगर रस्त्याने पुण्यात शिरते आणि आपली बरीच माणसं वाघोलीलाच उतरतात. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक तिथे खोली घेऊन राहते. कामाला जाते पुणे स्टेशनच्या बाजूला, एका ऑफिसात साफसफाईला. मागच्या महिन्यात तिने फोनवर आईला सांगितलं, "आई, मेट्रो पंधरा मिनिटांची, पण मेट्रोपर्यंत पोचायला पाऊण तास." कारण मेट्रो रामवाडीला संपते आणि ती राहते त्याच्या बऱ्याच पुढे. आता ती मेट्रो वाघोलीपर्यंत न्यायचं ठरलंय. पैसा तिथे घालावा की बसमध्ये, यावर आमच्या गटात दोन बैठकांत वाद झाला. म्हणून म्हटलं, आधी जुनं काय घडलं ते पाहू. रूळ कुठवर न्यायचे, हा प्रश्न नवा नाही.

आपल्यापासूनच सुरुवात करू. निजामाच्या राज्यात 1912 साली पूर्णेहून मीटरगेजचे रूळ हिंगोलीपर्यंत आले. हिंगोली कापसाची पेठ होती, रुळांना माल मिळत होता. तिथेच ते कैक वर्षं थांबले. स्वातंत्र्यानंतर ते पुढे न्यायचे ठरले तेव्हा वाशिम, अकोला करत खंडव्याकडे गेले, म्हणजे उत्तरेला. सेनगाव राहिलं पश्चिमेला. 2008 साली पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला, गाड्या लांबच्या आल्या, आपण मात्र अजूनही नर्सीवरून हिंगोलीला जाऊनच गाडी धरतो. स्टेशनच्या पाटीवर 'हिंगोली डेक्कन' लिहिलंय. आमच्यातल्या काही जणींनी ती पाटी लग्न झाल्यावर पहिल्यांदा वाचली.

रूळ जवळून गेले पण गावात आले नाहीत, असं बार्शीचंही झालं होतं. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे बार्शीला बाजूला ठेवून गेली. जवळच्या स्टेशनाला नाव दिलं 'बार्शी रोड', तेच आजचं कुर्डुवाडी. बार्शीचा कापूस बैलगाडीने तिथवर न्यायचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने यावर तोड काढली ती हलक्या रेल्वेची. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडायचा नाही. मग रूळ हलके चालतात आणि खर्च आवाक्यात येतो. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि मग एकेक गाव म्हणू लागलं, आमच्यापर्यंत आणा. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. लातूर तेव्हा निजामाच्या हद्दीत, म्हणजे रूळ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. लातूरच्या पेठेला त्याचं बळ मिळालं. सव्वातीनशे किलोमीटरचं जाळं झालं, 1954 साली ते सरकारने घेतलं आणि 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळं ब्रॉडगेज झालं.

आम्हाला यात पंढरपूरचा फाटा फार महत्त्वाचा वाटतो. बाकी वाढ मालाच्या हिशेबाने झाली, ही वाढ माणसांच्या हिशेबाने. ज्या बायांना महिनाभर घर सोडून पायी वारीला जाता येत नव्हतं, त्यांनाही या गाडीने पांडुरंग जवळ आला.

शहराच्या उपनगरांचा प्रश्न पाहायचा तर मुंबईची ट्राम पाहावी लागते. 1874 साली ती घोड्यांनी ओढायची म्हणून सुरू झाली, 1907 साली विजेवर आली, 1920 साली दुमजली ट्रामही धावली. दरम्यान 1896 चा प्लेग येऊन गेला होता. कोंदट चाळींतून माणसं बाहेर काढायची म्हणून 1898 साली सुधारणा ट्रस्ट नेमला गेला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेत नव्या वसाहती आखल्या. तेव्हा ते गावाबाहेरच होतं. ट्राम दादरपर्यंत गेली. जिथे तिचा शेवटचा थांबा, त्या चौकाला लोक आजही दादर टी.टी. म्हणतात. ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, नाव काही गेलं नाही.

पण ती बेटाबाहेर कधी पडली नाही. वांद्र्याला नाही, अंधेरीला नाही. तिकडच्या लोकांच्या वाट्याला लोकल आली आणि लोकलची गर्दी आली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जे बोललं जाऊ लागलं ते ऐका, ओळखीचं वाटेल. ट्राम रस्ता अडवते. ट्राम हळू जाते. बसला कुठेही वळवता येतं. 1953 पासून एकेक मार्ग बंद होत गेला आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रस्ता मोकळा झाला का, हे मुंबईत राहणाऱ्या भावाला विचारा. ट्रामला जिना नव्हता, रस्त्यावरूनच पाय ठेवून चढायचं. कडेवर मूल आणि हातात पिशवी असेल तर एवढ्याशा गोष्टीनेही फरक पडतो. फ्रान्समधल्या नांत शहराने 1958 साली ट्राम बंद केली आणि 1985 साली नव्याने पैसे घालून पुन्हा बसवली. मुंबईने तसं केलं नाही.

आता पुणे. तिथे ट्राम कधी नव्हतीच. 1987 च्या विकास आराखड्यात शहराभोवती मोठ्या क्षमतेच्या वाहतुकीचा एक गोल मार्ग आखला होता, तो कागदावरच राहिला. मेट्रोची पायाभरणी 24 डिसेंबर 2016 ला झाली, पहिली गाडी 6 मार्च 2022 ला धावली आणि बरोबर दोन वर्षांनी, 6 मार्च 2024 ला, रामवाडीला पोचली. तोपर्यंत वाघोलीचं काय झालं होतं? शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि 30 जून 2021 ला बावीस दुसऱ्या गावांबरोबर वाघोली पुणे महापालिकेत आली होती. दादरला वसाहत आणि ट्राम एकाच काळात वाढल्या. वाघोलीत माणसं आधी आली, मग पालिका आली, रूळ अजून यायचेत. मधली वर्षं आपल्या लेकींनी रिक्षात दाटीवाटीने बसून काढली.

25 जून 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन फाट्यांना मंजुरी दिली, वनाजहून चांदणी चौक आणि रामवाडीहून वाघोली-विठ्ठलवाडी. मिळून 12.75 किलोमीटर, 13 स्थानकं, 3,626 कोटी रुपये, मुदत चार वर्षं. म्हणजे किलोमीटरला 284 कोटींच्या आसपास. हा आकडा वाचला तेव्हा आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "एवढ्यात तर पुण्याला बसांचा तांडा घेता आला असता, आणि एखादी सेनगावलाही मिळाली असती." हसलो आम्ही. पण काकूंचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बस गल्लीच्या तोंडाशी येते, मेट्रो येत नाही. 2023 च्या मार्चपासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, मेट्रोत ती सोय नाही. दिल्लीत 2019 साली बायकांना बस आणि मेट्रो दोन्ही फुकट करण्याची घोषणा झाली होती. त्या ऑक्टोबरात बस फुकट झाली, मेट्रो झाली नाही.

दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्या जणींचा मुद्दाही घ्या. नगर रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका केलीच होती की. 2016 साली ती बीआरटी सुरू झाली आणि काही वर्षांतच, मोटारींना रस्ता पुरत नाही म्हणून, काढून टाकली. बसची जागा अशी कुणीही हिसकावतं. खांबांवरच्या रुळांना मात्र सहजी कोणी हात लावत नाही. यावर काकूंनी मुंबईच्या ट्रामची आठवण करून दिली. तिचेही रूळच होते.

आमचं मत विचाराल तर मेट्रो वाघोलीपर्यंत जावी, या बाजूला आम्ही झुकलो आहोत, पण पुरत्या समाधानाने नाही. असा मार्ग आखताना सकाळी ऑफिसात जाणारे आणि संध्याकाळी परतणारे मोजतात. आमच्या ताईंची लेक सकाळी आधी पोराला शेजारणीकडे सोडते, मग कामाला, येताना दळण, भाजी, पोराला घेणं, तेव्हा घर. तिच्या एका दिवसात चार छोटे प्रवास आहेत आणि त्यातले तीन मेट्रोच्या कामाचे नाहीत. स्थानकापासून आतल्या वस्तीपर्यंत पहाटे पाचपासून लहान बस असेल, रस्ता ओलांडायला उजेडाची वाट असेल, लिफ्ट चालू असेल, तर हे कोटी तिच्या उपयोगाचे. हे सगळं मेट्रो झाल्यावर बघू म्हणाल, तर ते होत नाही. काम चालू आहे तेव्हाच ते मागायचं असतं, आणि मागायला वाघोलीच्या बाया लागतात, सेनगावच्या नव्हे. आम्ही लेकीला फोनवर तेच सांगितलं. वॉर्डात बैठक लागली तर शेजारणीला घेऊन जा, मागे बसू नकोस.

ती म्हणाली, जाईन. मग म्हणाली, आई, आणखी एक आहे. खांब उभे राहायच्या आधीच घरमालकाने भाडं वाढवायचं सांगितलंय, मेट्रो येणार म्हणून. तिच्या इमारतीतल्या दोन घरांनी लोणीकंदला खोल्या पाहिल्यात. लोणीकंद वाघोलीच्या पुढे आहे, शेवटच्या स्थानकाच्याही पलीकडे.