जगदीशचंद्रांचा स्फटिक

बिनतारी संदेशाचा शोध मार्कोनीचा की जगदीशचंद्र बोसांचा, हा वाद आपल्याकडे वरचेवर निघतो, आणि निघाला की सभेत टाळ्या पडतात. आम्हांस हा वाद मुळातच भलत्या जागी मांडलेला वाटतो. दूर अंतरावर संदेश धाडणे हे बोसांचे ध्येयच नव्हते. त्यांची थोरवी शोधायची तर ती खनिजाच्या एका लहानशा खड्यात शोधली पाहिजे. त्या खड्याचे वारस आज आपणां सर्वांच्या खिशांत आहेत.

१८८५ साली बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा पगार कमी ठरला, तेव्हा तीन वर्षे त्यांनी पगारास हात लावला नाही. शिकवीत मात्र राहिले. प्रयोगशाळा म्हणाल तर एक चिंचोळी खोली, आणि मदतनीस म्हणाल तर पत्र्याचे काम करणारा एक कारागीर. अशा स्थितीत १८९४ च्या अखेरीस त्यांनी विद्युत्‌लहरींचा अभ्यास हाती घेतला. या लहरी हर्ट्झने १८८७-८८ मध्ये जर्मनीत दाखवून दिल्या होत्या, पण त्या हात-दोन हात आणि त्याहूनही लांब. त्यांना वळवायचे तर आरसेही तेवढेच अवाढव्य लागत. बोसांनी लहर पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केली. लहर आखूड झाली की तिची भिंगे, आरसे, नळ्या सारेच लहान होते. सगळी यंत्रसामग्री एका टेबलावर मावू लागली. लहरींचे ध्रुवीकरण तपासण्यास त्यांनी पिळलेल्या तागाचे जुडगे वापरले, आणि ब्रॅडशॉच्या रेल्वे-वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचा वर्ख घालून त्याचेही उपकरण बनविले. वेळापत्रकाचा इतका नेमका उपयोग प्रवाशांना तरी क्वचितच साधला असेल!

१८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली आणि दारू उडवून दाखविली. पुढे जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान झाले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. महत्त्वाचा प्रश्न निराळाच होता, तो लहर ओळखायची कशी हा. त्या काळचे साधन म्हणजे धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी. लहर आली की कीस चिकटे आणि वीज वाहू लागे. पण दुसरी लहर टिपण्यापूर्वी नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा लागे. दर शब्दागणिक कानाला चापट मारावी तशातलाच हा प्रकार.

बोसांनी एकामागून एक पदार्थ तपासले आणि ते गॅलिनाशी येऊन थांबले. गॅलिना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे चकचकीत खनिज. त्याच्या स्फटिकाला धातूचे टोक टेकविले आणि मंडलात घटमाला जोडली, की लहर आल्याबरोबर प्रवाह बदलतो व ती गेली की आपोआप पूर्ववत होतो. टिचकीची गरज उरली नाही. विशेष म्हणजे हाच खडा प्रकाशालाही जाब देई. पुढे काचेचे भिंग बसविले की तो कृत्रिम डोळा बने. बिनतारी लहर आणि डोळ्यांना दिसणारा उजेड ही दोन्ही एकाच खड्याने ओळखावीत, ही काटकसर आम्हांस त्या टाउन हॉलमधील स्फोटापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

या शोधाचे पेटंट घ्यावे असे बोसांच्या मनात नव्हते. पेटंटाचा कागद घेऊन आलेल्या एका तार-कंपनीच्या मालकाला त्यांनी परत पाठविले होते. अखेर सारा बुल या अमेरिकन बाई आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे सप्टेंबर १९०१ मध्ये अर्ज गेला व २९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले. बोसांनी त्यातून काहीच कमावले नाही. या निरिच्छपणाची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. तथापि तिची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. बोस वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले आणि स्फटिकाचे काम पुढे नेणारा कारखाना कलकत्त्यात निघालाच नाही. ते काम परदेशी चालू राहिले. १९०६ साली पिकार्डने अमेरिकेत सिलिकॉनचा स्फटिक पुढे आणला. १९०७ साली राऊंड या इंग्रज तंत्रज्ञाला आढळले की अशा स्फटिकातून वीज सोडली असता तो स्वतःच मंद उजळतो. डोळा होता, आता दिवाही झाला.

मुंबईचे नभोवाणी केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले, त्या सुमारास जगभर हौशी लोक ज्या क्रिस्टल सेटवर गाणी ऐकत तो याच वंशातला. त्याला बॅटरीसुद्धा लागत नसे. पण स्फटिकाला आवाज वाढविता येईना, म्हणून काचेच्या व्हॉल्व्हनी त्याला मागे सारले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या आखूड लहरींपुढे हे व्हॉल्व्ह निकामी ठरले आणि सिलिकॉन व जर्मेनियम यांची पुन्हा आठवण झाली. त्यांच्या शुद्धीकरणातूनच डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर निघाला. त्याच्या कर्त्यांपैकी ब्रॅटन यांनी १९५५ मध्ये अर्धवाहकांचा इतिहास लिहिताना, स्फटिकाने बिनतारी लहर टिपण्याचा पहिला मान बोसांना दिला. १९५८ साली किल्बीने अनेक घटक एकाच तुकड्यावर बसविले, आणि चिपचा जन्म झाला.

आज चिप रचणाऱ्यांपुढे तोच जुना हिशेब असतो. जागा थोडी, वीज थोडी, कामे अनेक. फोनच्या पडद्याजवळचा इवलासा तुकडा खोलीतला उजेड मोजून पडद्याची प्रखरता कमीजास्त करतो. पाच मिलिमीटरच्या लहरीला अडीच मिलिमीटरचा अँटेना पुरतो, म्हणून तो चिपच्या वेष्टनातच बसविता येतो. हवेतील प्राणवायू या लहरी शोषून घेतो; जहाजांना त्या कधीच उपयोगी पडल्या नसत्या, पण खोलीतल्या खोलीत त्या उत्तम चालतात. २०१९ साली गूगलने अशाच लहरींचे रडार आपल्या पिक्सेल ४ या फोनमध्ये घातले. हात नुसता हलविला की फोनला कळे. तो फोन भारतात मात्र विक्रीस आलाच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या चिंचोळ्या खोलीत खेळविलेल्या त्या लहरी वापरण्यास येथे तेव्हा परवानगी मिळाली नव्हती.