बाजाराची अवस्था आणि कोसंबींचा १९४३ चा लेख

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर करत मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये मोबाईलवर भाव बघणारे किती असतात, ते तुम्हाला सांगायला नको. त्यातले काही ऑप्शनमध्येही उतरतात. सेबीने २०२४ मध्ये आधीच्या तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. आणि याच लोकांना आता ‘बाजाराची अवस्था ओळखणारं एआय’ विकलं जातं. ही कल्पना आली कुठून, ते आज पाहू. तिचा एक धागा याच रुळांवरून गेलेला आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पण त्यांचा पेशा गणिताचा. १९४५ पासून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. वाटेत हीच स्टेशनं न थांबता मागे पडायची. उल्हासनगर तेव्हा सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून नुकतं उभं राहत होतं.

त्याआधी, फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, १९४३ मध्ये त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. फूरियेच्या पद्धतीत लहरींचे आकार आधीच ठरलेले असतात. कोसंबींनी दाखवलं, की वेड्यावाकड्या चढउतारांचे मूळ आकार त्या चढउतारांमधूनच काढता येतात आणि कुणाचा वाटा किती, हेही सांगता येतं. पुढच्या काही वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह स्वतंत्रपणे तिथेच पोचले. प्रमेयाला नाव लागलं त्या दोघांचं. कोसंबींचं नाव पुष्कळ उशिरा जोडलं गेलं, आणि आजही सगळीकडे नसतं. आम्हाला हे खटकतं.

आता बाजाराकडे या. १९६३ मध्ये ग्रेंजर आणि मॉर्गनस्टर्न यांनी न्यूयॉर्कच्या भावांचा वर्णपट काढला. ठराविक काळाने परतणारी, कामाला येईल अशी लय जवळजवळ सापडलीच नाही. मग पुढच्यांनी प्रश्न बदलला: एका भावाची लय नको, सगळे भाव एकमेकांबरोबर कसे हलतात ते पाहू. उल्हासनगरचं उदाहरण घ्या. एरवी गजानन मार्केटचा कापडवाला आणि फर्निचर बाजारातला दुकानदार यांची मंदी-तेजी वेगवेगळी. पण समजा, नोटाबंदीसारखा दिवस उजाडला, तर दोघांचे गल्ले एकदमच थंड. वर्णपटात हे असं दिसतं: नेहमी बरेच आकार थोडाथोडा वाटा उचलतात, संकटात एकच आकार सगळं गिळतो. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना २००७ च्या सुमारास आढळलं, की आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारात हा ‘सगळे एकत्र’ आकार न्यूयॉर्कपेक्षा ठळक आणि क्षेत्रनिहाय गट फिके आहेत.

न्यूरल नेटवर्कचं मूळही १९४३ चंच, मॅककलक आणि पिट्स यांचं. (योगायोग, दुसरं काही नाही.) दोन्ही वाटा मिळाल्या १९८२ मध्ये: फिनलंडच्या ओयांनी दाखवलं, की एकच साधा कृत्रिम न्यूरॉन विशिष्ट नियमाने शिकत गेला तर तो सर्वांत मोठा आकार आपोआप शोधतो.

मग अडतं कुठे? कोसंबींच्याच नाण्यांकडे पाहा. तक्षशिलेच्या साठ्यातली प्राचीन नाणी तोलून ती किती काळ हातोहाती फिरली, हे त्यांनी ठरवलं. झिजेने सरासरी वजन घटतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो. पण हा नियम त्यांनी चालू नाण्यांवरही तपासला होता, जिथे वर्ष छापलेलं असतं. बाजाराच्या अवस्थेवर असं वर्ष कुणी छापत नाही. तिला ‘संकट’ हे नाव संकट आल्यावर मिळतं, आणि नेटवर्क शिकतं ते त्या मागाहून लावलेल्या नावांवरून. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. त्या संध्याकाळी कुठलंही यंत्र अवस्था बरोबर सांगेल. त्याच यंत्राने जानेवारीत काय सांगितलं असतं, ते जाहिरातीत नसतं.