स्नेहबंध, अर्भकांचा
अर्भक आणि त्याची सातत्याने जोपासना करणारी व्यक्ती यांच्यात निर्माण होणाऱ्या दृढ भावनिक बंधास स्नेहबंध म्हणतात. भय, आजार वा थकवा यांच्या प्रसंगी मूल विशिष्ट व्यक्तीचेच सान्निध्य शोधते, तिच्या वियोगाने व्याकुळ होते आणि ती जवळ असताना निर्धास्तपणे भोवतालचा शोध घेते, ही या बंधाची प्रमुख लक्षणे होत. त्याचे मूळ कशात आहे, या प्रश्नाला विसाव्या शतकात मिळालेली उत्तरे केवळ तात्त्विक राहिली नाहीत; रुग्णालये व अनाथालये यांतील मुलांना कसे वागवावे, हेही त्यांवरून ठरत गेले.

शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणवादी व वर्तनवादी हे एरवी परस्परविरोधी संप्रदाय एका बाबतीत बव्हंशी सहमत होते : आई भूक भागविते, म्हणून मूल तिला बिलगते. वर्तनवादाचे प्रणेते जॉन वॉटसन यांनी १९२८ मधील आपल्या बालसंगोपनविषयक ग्रंथात मुलांचे लाड टाळण्याचा उपदेश केला. रुग्णालयांत आईबापांच्या भेटींवर कडक निर्बंध असत. भेटीनंतर मुले रडतात, म्हणून भेटीच अहितकारक, असा समज होता. निमूट पडून राहणारे मूल रुळले, असे मानले जाई.

या समजास पुढे तडा गेला. पुरेसे अन्न व स्वच्छता असूनही संस्थांतील अर्भके मायेवाचून खंगतात, असे प्रतिपादन रने स्पिट्स यांनी १९४५ मध्ये केले. ब्रिटिश मानसोपचारज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृवियोगाच्या परिणामांवर अहवाल लिहिला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ मध्ये अनुबोधपट काढला. आक्रोश, नैराश्य व अलिप्तता या वियोगाच्या तीन अवस्था रॉबर्टसन व बोल्बी यांनी वर्णिल्या. त्यांनुसार मुलाचे शांत होणे हे रुळण्याचे नव्हे, तर आशा मावळल्याचे लक्षण ठरले. प्रारंभी अनेक डॉक्टरांनी हा अनुबोधपट झिडकारला. तथापि १९५९ मध्ये प्लॅट समितीने मुलांच्या भेटींवरील निर्बंध उठविण्याची शिफारस केली.

अन्नाचा सिद्धांत प्रयोगानेही डळमळला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दूध तारेच्या पुतळ्याकडून मिळत असले, तरी पिले बहुतेक वेळ मऊ कापडाच्या पुतळ्यालाच बिलगून राहत. पिलांना एकाकी वाढविणारे हार्लो यांचे प्रयोग पुढे क्रूर म्हणून टीकेस पात्र झाले. मेरी एन्सवर्थ (१९१३–९९) यांनी प्रथम युगांडात व नंतर बॉल्टिमोर येथे घरोघरी निरीक्षणे केली. मुलाच्या संकेतांना आई किती तत्परतेने व जाणतेपणाने प्रतिसाद देते, यावर बंधाची सुरक्षितता अवलंबून असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बोल्बी यांनी आरंभी एकट्या मातेवर दिलेला भर मात्र टिकला नाही. ग्लासगो येथील ६० अर्भकांच्या अभ्यासात (१९६४) शॅफर व एमर्सन यांना असे आढळले, की विशिष्ट व्यक्तीची ओढ साधारणतः सातव्या महिन्याच्या सुमारास प्रकटते आणि लवकरच वडील, आजी-आजोबा इत्यादींशीही बंध जुळतात. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये वियोग व बंधच न जुळणे यांत भेद केला.

हा भेद रूमानियात प्रकर्षाने प्रत्ययास आला. तेथील साम्यवादी राजवट १९८९ मध्ये कोसळल्यावर अनाथालयांतील हजारो मुलांची दुरवस्था जगापुढे आली. बूखारेस्ट येथे २००० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात संस्थांतील १३६ मुलांपैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या निम्म्या मुलांना संगोपक कुटुंबांत ठेवण्यात आले. त्यांच्यात सुरक्षित बंध अधिक प्रमाणात आढळले. विशेषतः दोन वर्षांच्या आत कुटुंब लाभलेल्यांची प्रगती चांगली झाली. बंध जुळण्यास जन्मदात्रीच हवी असे नाही. परंतु पाळीपाळीने बदलणाऱ्या परिचारिका स्थिर व्यक्तीची उणीव भरून काढू शकत नाहीत, हे या इतिहासाचे सार होय.